प्राचीन इजिप्तची चित्रलिपी संगणकावर कशी नोंदवावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

शिलालेखाचा फोटो काढून ठेवला म्हणजे त्यातला मजकूर आपल्या हाती आला असं होत नाही. फोटोंच्या ढिगाला 'टॉलेमी राजाचं नाव कोणकोणत्या दगडांवर आहे?' असं विचारता येत नाही. दोन मंदिरांतला एकच मंत्र शेजारी ठेवून फरकही शोधता येत नाही. त्यासाठी प्रत्येक चिन्हाला एक ठरलेली ओळख द्यावी लागते, आणि ते चिन्ह शेजाऱ्याच्या वर, खाली की पोटात बसलं आहे हेही लिहून ठेवावं लागतं. कोणतं चिन्ह आणि कुठे बसलेलं, या दोन प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे लिहिणं म्हणजे चित्रलिपीचं संकेतन. भाषा पूर्ण येण्याआधीही हे काम शिकता येतं, आणि ते करता करता डोळा इतका तयार होतो की पुढे व्याकरण शिकणं सोपं जातं.

लेखातली रोमन अक्षरं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. 'जी१७' असं दिसेल तिथे कीबोर्डवर रोमन मोठा जी आणि पुढे इंग्रजी आकड्यांत सतरा टाइप करायचं.

पायरी १: तीन गोष्टी जवळ ठेवा

पहिली गोष्ट म्हणजे गार्डिनरची चिन्हसूची. ब्रिटिश इजिप्ततज्ज्ञ ॲलन गार्डिनर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणग्रंथात चिन्हांची विषयवार वर्गवारी दिली, आणि जग आजही तीच वापरतं. ए म्हणजे पुरुष व त्यांची कामं, बी स्त्रिया, सी मानवरूपातले देव, डी शरीराचे अवयव, ई सस्तन प्राणी, जी पक्षी, एम झाडंझुडपं, एन आकाश-पृथ्वी-पाणी, ओ इमारती, व्ही दोर आणि टोपल्या, एक्स भाकरी. जे हे अक्षर त्यांनी वापरलंच नाही. कशाचं चित्र आहे हे ज्या चिन्हांबाबत ठरवता आलं नाही त्यांच्यासाठी शेवटी 'एए' असा वेगळा गट केला. त्यातला दुसरा ए लहान लिपीतला असतो. अभिजात काळातल्या मजकुरासाठी या सूचीतली साधारण साडेसातशे चिन्हं पुरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जेसेश, चित्रलिपी लिहिण्याचा मोफत संगणक-प्रोग्राम. फ्रेंच संशोधक सेर्ज रोस्मोर्दूक यांनी तो बनवला आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. तिसरी म्हणजे फॉन्ट. विंडोज १० पासून 'सेगो यूआय हिस्टॉरिक' हा फॉन्ट सोबत येतो, त्यात युनिकोडमधली (म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतली) मूळ चित्रचिन्हं आहेत. नसेल तर 'नोटो सान्स इजिप्शियन हायरोग्लिफ्स' मोफत उतरवून घ्या.

'तुमचं नाव चित्रलिपीत लिहा' अशा संकेतस्थळांवर शिकायला मात्र जाऊ नका. तिथे प्रत्येक रोमन अक्षराला एक चित्र चिकटवतात. या लिपीत स्वर लिहितच नाहीत. काही चिन्हं एक व्यंजन दाखवतात, काही दोन, काही तीन, आणि काही उच्चारली न जाता शब्दाचा वर्ग सांगतात. चुकीची सवय एकदा लागली की सुटायला वेळ लागतो.

पायरी २: आधी दिशा ठरवा

इजिप्तचे लेखनिक उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे आणि वरून खालीही लिहीत. उजवीकडून डावीकडे लिहिणं जास्त रूढ होतं. दिशा ओळखायला माणसं आणि पक्ष्यांची तोंडं बघा. ते जिकडे पाहतात तिकडून ओळ सुरू होते. म्हणजे तुम्ही त्यांच्या तोंडाकडून शेपटीकडे वाचत जायचं.

संगणकावर नोंद मात्र नेहमी ओळीत चिन्हं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करायची. दगडावर ओळ उजवीकडून सुरू होत असेल तर तिथलं पहिलं चिन्ह तुमच्या नोंदीतही पहिलंच येईल. फॉन्टमधली चिन्हं डावीकडे तोंड केलेली असतात आणि पडद्यावर मजकूर डावीकडून उजवीकडे जातो. त्यात बिघडत काही नाही. फक्त नोंदीच्या सुरुवातीला मूळ दिशा शब्दांत लिहून ठेवा: 'आडवी ओळ, उजवीकडून' किंवा 'उभे स्तंभ, चिन्हं डावीकडे पाहणारी'. मंदिराच्या दारावर दोन बाजूंना समोरासमोर तोंड करून मजकूर कोरलेला असतो, तिथे ही माहिती हरवली तर रचनेचा अर्थच हरवतो.

पायरी ३: चिन्ह नेमकं ओळखा

सगळ्यांत जास्त वेळ इथे जाईल, आणि तो जाऊ द्या.

गोल चिन्हं घ्या. आत ठिपका असलेला गोल म्हणजे एन५, सूर्य. आत आडव्या रेघा असलेला गोल एए१. तो 'ख'सारखा ध्वनी दाखवतो. आत रस्त्यांची फुली असलेला गोल ओ४९, गाव किंवा नगर. नगरांच्या नावांमागे तो वर्गचिन्ह म्हणून येतो. अगदी छोटा, रिकामा गोल असेल तर बहुधा एन३३, वाळूचा कण. डोळ्याची बाहुली डी१२ हीसुद्धा गोलच. झिजलेल्या चुनखडीवर या सगळ्यांच्या आतल्या रेघा पुसलेल्या असतात. अशा वेळी चित्राकडे टक लावून फायदा नाही, शेजारी बघा. आधीची चिन्हं एखाद्या ठिकाणाचं नाव लिहीत असतील तर ओ४९ असण्याची शक्यता मोठी.

पक्ष्यांचा गट तर नवख्याची परीक्षाच घेतो. जी१ हे गिधाड आणि जी४ हा बाजाच्या जातीचा पक्षी, दोघे इतके सारखे दिसतात की खुद्द प्राचीन लेखनिकांच्या हातूनही त्यांच्यातला फरक पुसट होतो. डोक्याचा आकार निरखा. जी५ हा होरस देवाचा ससाणा. जी१७ हे घुबड मात्र चटकन सापडतं, कारण त्याचं अंग बाजूने पण चेहरा थेट आपल्याकडे वळलेला असतो. जी४३ हे लावरीचं पिल्लू आखूड आणि गुबगुबीत.

टोपल्यांमध्ये व्ही३० ला कान नाही, व्ही३१ ला आहे. पहिलीचं वाचन 'नेब', म्हणजे स्वामी किंवा सर्व, दुसरीचं 'क'. एका छोट्या कानाने शब्द बदलतो.

संशय राहिला तर अंदाजाने कोड टाकून पुढे जाऊ नका. कोडाच्या शेजारी टिपणात 'वाचन अनिश्चित, जी१ किंवा जी४' असं लिहा. पुढे येणाऱ्या अभ्यासकाला तुमची शंका तुमच्या खात्रीइतकीच उपयोगी पडते. पडताळणीसाठी लिएज आणि बर्लिनच्या अभ्यासकांनी मिळून उभारलेली 'थॉट साइन लिस्ट' ही ऑनलाइन सूची चांगली आहे. शब्दांसाठी बर्लिन आणि लाइपझिगच्या अकादमींचा 'थेसॉरस लिंग्वे एजिप्तिए' हा कोश सर्वांना खुला आहे.

पायरी ४: मांडणी लिहा

चित्रलिपीत चिन्हं ओळीने एकामागून एक उभी राहत नाहीत. लेखनिक मनात एक अदृश्य चौकोन धरतो आणि त्यात चिन्हं नीट बसवतो: उंच पक्षी एकटा चौकोन व्यापतो, दोन चपटी चिन्हं एकावर एक येतात, लहान चिन्हं शेजारी शेजारी सरकतात. ही रचना साध्या कीबोर्डवर लिहिण्यासाठी इजिप्ततज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने नियम तयार केले. त्यांची १९८८ साली पॅरिसहून निघालेली तिसरी आवृत्ती 'मॅन्युएल द कोडाज' नावाने ओळखली जाते. जेसेश याच नियमांवर चालतो.

मूळ खुणा थोड्याच आहेत. पुढचा चौकोन सुरू करायला जोडरेघ (-). एकाखाली दुसरं चिन्ह ठेवायला विसर्गासारखं दिसणारं कोलन (:). चौकोनाच्या आत शेजारी ठेवायला तारा (*). गट करायला साधे कंस. ओळ संपली की उद्गारचिन्ह (!). राजाच्या नावाभोवतीचा लांबट घेर, म्हणजे कार्टुश, उघडायला < आणि मिटायला >. ताऱ्याला कोलनपेक्षा आधीचा मान असतो, म्हणजे शेजारची चिन्हं आधी एकत्र येतात आणि मग खाली-वर होतात.

आता प्रत्यक्ष करून बघू. रोझेटा शिळेवरचं टॉलेमीचं नाव घ्या. इसवी सन पूर्व १९६ मधली ही शिळा १७९९ साली सापडली, आणि तिच्यावरच्या ग्रीक मजकुराच्या आधारे फ्रेंच अभ्यासक शांपोलियनने १८२२ मध्ये लिपीचं कोडं सोडवलं. कार्टुशातली चिन्हं अशी: चौकोनी आसन (क्यू३, प), त्याखाली अर्धगोल भाकरी (एक्स१, त), मग दोराचा फास (व्ही४, नाव परकं, ग्रीक असल्याने इथे 'ओ'च्या जागी), पुढे बसलेला सिंह (ई२३, ल) आणि त्याखाली एए१५ (म), मग बोरूची दोन पाती (एम१७ दोनदा) आणि शेवटी घडी घातलेलं कापड (एस२९, स). जेसेशमध्ये ते असं लिहायचं:

<-क्यू३:एक्स१-व्ही४-ई२३:एए१५-एम१७-एम१७-एस२९->

खिडकीत कार्टुश तयार झालेला दिसेल. कोलन काढून जोडरेघ टाकली तर भाकरी आसनाखालून निसटून शेजारी उभी राहते. हे मुद्दाम बदलून बघा, खुणांचा अर्थ हातात बसतो.

कोडांऐवजी ध्वनीही टाइप करता येतात, पण तिथे लहान-मोठ्या लिपीचं भान ठेवा. लहान ए म्हणजे हाताचं चिन्ह डी३६, मोठा ए म्हणजे गिधाड जी१. लहान एच म्हणजे ओ४, मोठा एच म्हणजे पिळाची वात व्ही२८. लहान डी हा पंजा, डी४६. मोठा डी हा नाग, आय१०. लहान एस कापड, मोठा एस पाण्याचं तळं एन३७. कीबोर्डचं कॅप्स लॉक चुकून चालू राहिलं तर सगळा मजकूर दुसराच होतो. म्हणून सुरुवातीला गार्डिनरचे कोडच वापरावेत असं माझं मत आहे. वेळ जास्त लागतो, पण चिन्हाशी ओळख पक्की होते.

काही वेळा चिन्ह वर-खाली किंवा शेजारी नसतं, दुसऱ्याच्या मोकळ्या कोपऱ्यात बसतं. राजाच्या 'रे देवाचा पुत्र' या बिरुदात बदकाच्या (जी३९) पाठीवर सूर्य (एन५) तरंगतो. तिथे दोन कोडांमध्ये & वापरतात: जी३९&एन५. चौकोनाचा गोडवा अशा जागीच दिसतो, तेव्हा आळस करून ती दोन चिन्हं शेजारी शेजारी टाकू नका.

पायरी ५: तुटलेला दगड तुटलेलाच दाखवा

कोडानंतर # आणि आकडे दिले की चौकोनाचा तेवढा भाग रेघांनी झाकला जातो: १ वरचा डावा, २ वरचा उजवा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. वरचा अर्धा भाग उडालेला असेल तर #१२. पूर्ण नाहीसं झालेलं चिन्ह तुम्हाला संदर्भावरून माहीत असलं तरी ते 'दिसलं' म्हणून नोंदवू नका. दिसलेलं आणि तर्काने भरलेलं यांतली रेघ स्पष्ट ठेवली नाही तर तुमचा तर्क पुढे पुरावा म्हणून फिरू लागतो.

पायरी ६: युनिकोडकडे वळा

मॅन्युएलची नोंद ही चित्रलिपीची पाककृती आहे. ती वाचून सॉफ्टवेअर चित्र बनवतं. युनिकोडमध्ये चिन्ह स्वतःच मजकुराचं अक्षर होतं. ईमेलमध्ये, वेबपानावर, शोधपट्टीत ते थेट लिहिता येतं. त्याआधीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी चित्रं बसवत. फॉन्ट बदलला की पानभर निरर्थक अक्षरं उरत. युनिकोडपूर्व फॉन्टमधली मराठी फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहिलेल्यांना हा त्रास वेगळा सांगायला नको.

ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोड ५.२ मध्ये १०७१ चित्रचिन्हं आली. मायकेल एव्हरसन आणि बॉब रिचमंड यांचा तो प्रस्ताव होता. क्रम गार्डिनरचाच ठेवला, म्हणून ए१ हे बसलेल्या पुरुषाचं चिन्ह सर्वांत आधी, यू+१३००० वर आहे. इजिप्तच्या प्रांतांची चिन्हं मात्र एनएल आणि एनयू अशा वेगळ्या नावांनी घेतली: खालच्या (उत्तर) इजिप्तचे वीस आणि वरच्या (दक्षिण) इजिप्तचे बावीस प्रांत.

पण चिन्हं आली, मांडणी नाही. दहा वर्षं युनिकोडमधली चित्रलिपी एका सरळ रांगेत उभी होती. टॉलेमीच्या आसनाखाली भाकरी ठेवायची सोयच नव्हती. मार्च २०१९ मध्ये, युनिकोड १२ मध्ये, ९ नियंत्रणचिन्हं आली आणि चित्र पालटलं. ती स्वतः दिसत नाहीत. आजूबाजूच्या चिन्हांनी कसं बसायचं ते सांगतात. आपल्याला हे नवं नाही. आपण क, हलन्त आणि ष एवढंच साठवतो, क्ष घडवण्याचं काम फॉन्ट करतो. तसंच इथे क्यू३, मग 'उभं जोडा' हे नियंत्रण आणि मग एक्स१ साठवायचं. आसनाखाली भाकरी बसवणं फॉन्टचं काम. बदकावरच्या सूर्यासाठी 'वरच्या शेवटच्या कोपऱ्यात घाला' असं स्वतंत्र नियंत्रण आहे. सप्टेंबर २०२२ च्या युनिकोड १५ मध्ये घेर, आरशातली प्रतिमा, रिकाम्या आणि नष्ट जागा, झिजलेले कोपरे यांचीही सोय झाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये युनिकोड १६ ने आणखी ३९९५ चिन्हं दिली. एवढी कशाला, असं वाटेल. टॉलेमींच्या आणि रोमनांच्या काळात एडफू, डेंडेरा, एस्ना इथल्या मंदिरांच्या पुरोहितांनी चिन्हांची संख्या हजारोंनी वाढवली. ते मजकूर आता कुठे युनिकोडमध्ये नीट लिहिता येऊ लागले आहेत. सोबत 'युनिकेमेट' नावाची माहितीफाईल आहे. कोणत्या चिन्हाचं वर्णन काय, वाचन काय, जुन्या सूचींत क्रमांक काय, हे त्यात सापडतं.

मग आधी मॅन्युएल का शिकायचं? कारण अभ्यासकांचा दशकांचा साठा त्यात आहे. शिवाय नियंत्रणचिन्हं समजणारे फॉन्ट अजून सगळीकडे पोचलेले नाहीत. माझा सल्ला असा: मूळ नोंद मॅन्युएलमध्ये करा, तिची युनिकोड प्रत शेजारी ठेवा, दोन्ही साध्या मजकूर फाईलमध्ये जपा.

पायरी ७: वेबवर आणि डेटाबेसमध्ये ठेवताना

एचटीएमएलमध्ये दशमान क्रमांक देता येतो. क्यू३ चा ७८५०६, उभ्या जोडणीचा ७८८९६, एक्स१ चा ७८७९९. प्रत्येकाच्या आधी &# आणि नंतर अर्धविराम लावून तिन्ही सलग लिहिले की प आणि त चा चौकोन तयार. पानावर रिकामे डबे दिसले तर फॉन्ट नाही. चिन्हं दिसली पण शेजारी शेजारी उभी राहिली तर फॉन्ट जुना आहे. मजकूर दोन्ही वेळा शाबूत असतो, घाबरून पुसू नका.

ही चिन्हं युनिकोडच्या पहिल्या पासष्ट हजारांच्या पलीकडे आहेत, त्यामुळे यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला जुना 'यूटीएफ८' संच तीनच बाइट धरतो आणि चित्रलिपी साठवू शकत नाही. तिथे 'यूटीएफ८एमबी४' निवडा. जावास्क्रिप्ट एका चिन्हाची लांबी २ मोजते, म्हणून मजकूर तोडताना मध्येच चिन्ह कापलं जाणार नाही याची काळजी घ्या.

मराठी विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्यांना याहून सोपी वाट आहे. विकीच्या 'हिएरो' या टॅगमध्ये मॅन्युएलची नोंद टाकली की चित्रं आपोआप उमटतात, वाचकाकडे फॉन्ट असो वा नसो. आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करून बघा. इजिप्तच्या राजांवरच्या मराठी लेखांत त्यांची नावं मूळ लिपीत आली तर वाचकाला केवढा आनंद होईल!

पहिल्या सरावासाठी

संग्रहालयांतल्या शेकडो स्मृतिशिळांवर एक सूत्र पुन्हा पुन्हा येतं: 'राजा देतो तो नैवेद्य'. त्याची नेहमीची लहान मांडणी अशी:

एम२३-एक्स१:आर४-एक्स८

एम२३ हे लव्हाळ्याचं रोप राजासाठी, एक्स१ भाकरी, तिच्याखाली आर४ म्हणजे चटईवर ठेवलेला नैवेद्य, आणि एक्स८ हे निमुळत्या भाकरीचं चिन्ह 'देणे' या क्रियेसाठी. वाचन 'हेतेप दी नेसू', म्हणजे राजा शेवटी. लेखनात मात्र तो सर्वांच्या पुढे, कारण राजा आणि देव यांची नावं मानाने आधी लिहीत. तुमची नोंद लेखनाचा क्रम पाळेल, वाचनाचा क्रम स्वतंत्र ओळीत लिप्यंतरात द्या.

कोणत्याही मोठ्या संग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात मध्य राज्यकाळातली एखादी स्मृतिशिळा शोधा आणि तिच्या पहिल्या ओळीत हे सूत्र हुडका. तुमच्या शिळेवर चिन्हांची रास थोडी वेगळी असू शकते. या लेखातली मांडणी न उतरवता शिळेवर आहे तीच नोंदवा. झालं की जेसेशमधून चित्र काढा, फोटोशेजारी ठेवा आणि एकेक चौकोन बोट ठेवून ताडा. सूत्रापुढे बहुधा ओसायरिसचं नाव सुरू होतं. त्यातलं सिंहासन क्यू१ आणि डोळा डी४, ही तुमची पुढची दोन चिन्हं.